दुखापत, विश्रांती आणि राखीव खेळाडू : अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा इतिहास काय सांगतो?

तुमच्यापैकी अनेकांची मुलं किंवा नातवंडं अमेरिकेत शिकतात. सप्टेंबर उजाडला की त्यांच्या व्हिडिओ कॉलमध्ये एक विषय हमखास येतो, तो म्हणजे शनिवारचा फुटबॉलचा सामना. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात लांबट चेंडू हातात घेऊन पळतात, पुढे फेकतात आणि प्रतिस्पर्धी अंगावर झेपावून खाली पाडतात. मैदानावर एका वेळी प्रत्येक संघाचे ११ खेळाडू असतात. पण संघाच्या यादीत शंभराच्या आसपास नावं असतात! ११ जणांच्या खेळाला एवढी माणसं कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल.

याचं उत्तर बरंचसं वैद्यकीय आहे. जखमी खेळाडूला बरं व्हायला किती वेळ लागेल, हे शरीर ठरवतं. तो वेळ त्याला मिळेल की नाही, हे मात्र त्याच्या जागी उभं राहायला कोणी आहे का, यावर ठरतं. या खेळाचा गेल्या १२० वर्षांचा इतिहास म्हणजे हेच एक गणित आहे. ते आज समजून घेऊ.

१९०५ : बाहेर गेलात की परत येणं नाही

१९०५ चा हंगाम या खेळातला काळा हंगाम मानला जातो. खेळाडू घोळक्याने एकमेकांवर तुटून पडत. हेल्मेटची सक्ती नव्हती. 'शिकागो ट्रिब्यून'ने केलेल्या मोजणीनुसार त्या एका हंगामात शाळा-कॉलेजांत मिळून सुमारे १८ मृत्यू झाले. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं. पुढच्याच वर्षी नियम बदलले, चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि एक संघटना स्थापन झाली. तीच १९१० पासून एनसीएए या नावाने ओळखली जाते.

त्याच हंगामात हार्वर्डच्या संघासोबत एडवर्ड निकोल्स नावाचे सर्जन होते. त्यांनी आणि होमर स्मिथ यांनी हंगामभर प्रत्येक दुखापतीची नोंद ठेवली आणि जानेवारी १९०६ मध्ये बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात ती छापली. दुखापती शंभराहून जास्त होत्या. डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसणं, म्हणजे कन्कशन, हे तर इतकं नेहमीचं होतं की तसं न घडलेले सामने फक्त दोन! खेळाडू मात्र हे हसण्यावारी नेत.

ते हसण्यावारी का नेत असतील? एक कारण नियमातच होतं. त्या काळी बाहेर गेलेल्या खेळाडूला त्या सामन्यात परत येता येत नसे. त्यामुळे 'दोन मिनिटं बाहेर बसतो, गरगरणं थांबलं की येतो' ही सोयच नव्हती. राहायचं तर पूर्ण सामना, जायचं तर कायमचं. अशा वेळी विशीतला मुलगा काय निवडेल, हे तुम्हीच सांगा.

१९४१ ते १९६५ : एक फळी की दोन?

१९४१ मध्ये नियम बदलला आणि खेळाडू कधीही बाहेर जाऊन परत येऊ लागले. लवकरच दुसरं महायुद्ध आलं, तरणीताठी मुलं सैन्यात गेली आणि संघ विस्कळीत झाले. ऑक्टोबर १९४५ मध्ये मिशिगनचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायस्लर यांच्यापुढे आर्मीचा बलाढ्य संघ होता आणि हाताशी बरीचशी कोवळी पोरं. त्यांनी चढाईसाठी एक तुकडी आणि बचावासाठी दुसरी अशी विभागणी केली. मिशिगन २८-७ ने हरलं, पण आर्मीचे प्रशिक्षक अर्ल ब्लेक यांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती स्वतःच उचलली. हळूहळू मोठ्या कॉलेजांत तीच पद्धत रुळली.

डॉक्टर म्हणून यातला फायदा मला स्पष्ट दिसतो. स्नायू थकला की तो धक्का कमी शोषतो, मग तो धक्का सांध्यावर आणि लिगामेंटवर येतो. निम्माच वेळ खेळणारा खेळाडू कमी थकतो. पण दोन तुकड्या म्हणजे दुप्पट माणसं आणि दुप्पट खर्च. छोट्या कॉलेजांना ते झेपेना. १९५३ मध्ये एनसीएएने ही सूट मोठ्या प्रमाणात काढून घेतली आणि एकाच खेळाडूला पुन्हा दोन्ही बाजूंनी खेळावं लागलं. नियम टप्प्याटप्प्याने सैल होत १९६५ मध्ये मुक्त बदलीची पद्धत परत आली. ती आजतागायत आहे.

या सुखाला एक काळी किनारही आहे. एकच काम करायचं म्हटल्यावर त्या कामापुरती शरीरं घडवली जाऊ लागली. आज पुढच्या फळीत १३५ किलोहून जास्त वजनाचे खेळाडू सर्रास दिसतात. वजन वाढलं की टकरीचा जोर वाढतो. म्हणजे राखीव खेळाडूंमुळे विश्रांती मिळाली, पण टक्कर जड झाली.

हंगामाचं कॅलेंडर आणि शरीराचं कॅलेंडर

नियमित हंगामात १२ सामने असतात, साधारण आठवड्याला एक. बाद फेरी धरली तर ही संख्या आणखी वाढते. २०२४ च्या हंगामात विजेत्या ओहायो स्टेटला १६ सामने खेळावे लागले.

आता हे शरीराच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. मांडीमागचा स्नायू थोडा ताणला, तर दोन-तीन आठवडे. जास्त फाटला, तर दीड-दोन महिने. घोट्याच्या वरच्या भागातलं लिगामेंट दुखावलं, तर सहा आठवडे किंवा जास्त. घोट्याचं हाड मोडलं, तर उरलेला हंगाम गेला असं धरायचं. आणि गुडघ्यातलं एसीएल, म्हणजे सांधा पुढे सरकू न देणारं मधलं लिगामेंट तुटलं, तर किमान नऊ महिने. चार महिन्यांच्या हंगामात नऊ महिने आणायचे कुठून?

गुडघ्याच्या या दुखापतीचा इतिहासही कॉलेज फुटबॉलशी जोडलेला आहे. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघाचे डॉक्टर डॉन ओडोनह्यू यांनी १९५० मध्ये खेळाडूंच्या गुडघ्यांवरचा एक महत्त्वाचा लेख लिहिला. एसीएल, गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट आणि त्याच बाजूची गादी एकदम फाटण्याला त्यांनी दिलेलं 'दुर्दैवी त्रिकूट' या अर्थाचं नाव आम्ही आजही वापरतो. तेव्हा असा गुडघा म्हणजे बहुधा खेळाचा शेवट असे. आज दुसरीकडचा स्नायुबंध घेऊन नवं लिगामेंट बसवता येतं. पण त्यात नवीन रक्तवाहिन्या वाढून ते पक्कं व्हायला महिने लागतात. सूज गेली, दुखणं थांबलं, म्हणजे गुडघा तयार झाला असं नाही. घाईने परतलेल्यांचा गुडघा पुन्हा जायबंदी होण्याचा धोका बराच जास्त असतो.

किती खेळाडू ठेवायचे?

पूर्वी श्रीमंत कॉलेजं भरमसाट खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन बांधून ठेवत. १९७३ मध्ये एनसीएएने एका संघाला जास्तीत जास्त १०५ शिष्यवृत्त्या अशी मर्यादा घातली. १९७८ मध्ये ती ९५ झाली आणि १९९४ पर्यंत ८५ वर आली. त्यामुळे चांगले खेळाडू इतर कॉलेजांतही पोहोचले, पण राखीव फळी पातळ झाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, तीत सामील झालेल्या कॉलेजांसाठी शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि संपूर्ण यादीवरच १०५ ची मर्यादा आली.

दरम्यान आणखी एक बदल झाला. २०२१ पासून कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूवर वर्षभर बाहेर बसण्याची सक्ती सैल झाली. वर्षानुवर्षं बाकावर बसून वाट पाहणारा दुसरा किंवा तिसरा खेळाडू आता जिथे खेळायला मिळेल तिथे जातो. त्याचं यात काही चुकत नाही. पण कॉलेजसाठी राखीव फळी टिकवणं अवघड झालं आहे.

दोन हंगाम, दोन निकाल

क्वार्टरबॅक म्हणजे जवळपास प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो खेळाडू. २०१४ मध्ये ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर याचा आधीच शस्त्रक्रिया झालेला खांदा हंगामापूर्वीच्या सरावात पुन्हा दुखावला. त्याच्या जागी आलेला जे. टी. बॅरेट उत्तम खेळला, पण नोव्हेंबरच्या अखेरीस मिशिगनविरुद्ध त्याचा घोटा मोडला. उरला तिसरा, कार्डेल जोन्स. त्याच्यासह संघाने विस्कॉन्सिनला ५९-०, अलाबामाला ४२-३५ आणि अंतिम सामन्यात ओरेगनला ४२-२० असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं!

याला चमत्कार म्हणण्याचा मोह होतो. पण जोन्स तीन हंगाम त्याच संघात, त्याच चालींचा सराव करत होता. शिवाय इझिकिएल एलियट हा धावणारा खेळाडू त्या तिन्ही सामन्यांत प्रत्येकी २०० यार्डांपेक्षा जास्त धावला. भार एकट्यावर पडला नाही.

आता २०२३ चं फ्लोरिडा स्टेट बघा. १८ नोव्हेंबरला क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. दुसरा, टेट रोडमेकर, पुढचा सामना जिंकून देताना कन्कशनने जायबंदी झाला. मग तिसरा, ब्रॉक ग्लेन, उतरला आणि संघाने लुईव्हिलला १६-६ ने हरवलं. १३ पैकी १३ सामने जिंकले! तरीही निवड समितीने अंतिम चार संघांत त्यांना घेतलं नाही. ट्रॅव्हिसशिवाय हा संघ पूर्वीचा राहिला नाही, असं समितीचं म्हणणं होतं. त्यानंतरच्या ऑरेंज बोल सामन्यात अनेक खेळाडू उतरलेच नाहीत आणि जॉर्जियाने ६३-३ असा धुव्वा उडवला.

या हंगामावर पुष्कळ भांडणं झाली. मला त्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. एवढं सगळं पणाला लागलेलं असतानाही डोक्याला मार लागलेला रोडमेकर बाहेर बसला. कदाचित तो असता तर समितीला संघ जास्त भक्कम वाटला असता. पण त्याला बाहेर ठेवणं हेच बरोबर होतं, आणि तिसरा खेळाडू तयार असल्यामुळे ते सोपं झालं.

डोक्याच्या माराला सूट नाही

कन्कशनमध्ये स्कॅन बहुधा नॉर्मल येतो, कारण बिघाड मेंदूच्या कामकाजात असतो. त्या अवस्थेत पुन्हा मार लागला, तर क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येऊन मृत्यू ओढवतो. १९८४ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, तेही एका १९ वर्षांच्या कॉलेज फुटबॉलपटूच्या मृत्यूवरून. २०१० मध्ये एनसीएएने प्रत्येक कॉलेजला कन्कशनसाठी लेखी योजना सक्तीची केली. अशा खेळाडूला त्याच दिवशी मैदानावर परत पाठवता येत नाही. २०१६ मध्ये मोठ्या कॉलेजांत डॉक्टरांचा आणि अॅथलेटिक ट्रेनरचा निर्णय प्रशिक्षकाला बदलता येणार नाही, असा नियम झाला.

आपल्या क्रिकेटमध्येही हेच घडलं. पूर्वी बदली खेळाडू फक्त क्षेत्ररक्षण करायचा, म्हणून डोक्याला चेंडू लागलेला फलंदाज चक्कर येत असतानाही खेळत राहायचा. ऑगस्ट २०१९ पासून कन्कशन झालेल्याच्या जागी फलंदाजी-गोलंदाजी करू शकणारा खेळाडू घेता येतो. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन आला, हे तुम्हाला आठवत असेल. जागा भरायची सोय झाली आणि 'बाहेर बस' असं सांगणं शक्य झालं.

तुमच्या घरातली राखीव फळी

आता तुमच्याबद्दल. 'डॉक्टर, विश्रांती घ्यायची हो, पण माझं काम कोण करणार?' हा प्रश्न आम्हाला रोज ऐकू येतो. तो कुरकुर म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण उपचाराचं यश त्यावर अवलंबून असतं. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

गुडघ्याचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन ठरवताना तारखेआधी माणसं ठरवा. स्वयंपाक, पाणी भरणं, दुकान, मुलांची शाळा, यातलं काय कोण करणार, ते कागदावर लिहा. ज्यांना काम सोपवायचं त्यांना आठवडाभर आधी बरोबर घेऊन शिकवा. जोन्सही एका रात्रीत तयार झाला नव्हता.

वेदना थांबणं आणि जखम भरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गोळी घेऊन दुखणं दाबून कामाला लागू नका.

कबड्डी, क्रिकेट किंवा फुटबॉल खेळताना मुलाच्या डोक्याला मार लागला आणि त्यानंतर डोकेदुखी, चक्कर, मळमळ किंवा गोंधळल्यासारखं वाटलं, तर त्या दिवशी खेळ बंद. वारंवार उलटी, शुद्ध हरपणं, फिट येणं, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा हातापायात अशक्तपणा दिसला, तर तडक हॉस्पिटल गाठा. पुन्हा मैदानात कधी उतरायचं, ते डॉक्टरांनी तपासून ठरवू द्या.

आणि तुम्ही स्वतः शाळेच्या किंवा सोसायटीच्या संघाचे मॅनेजर असाल, तर बाकावरच्या मुलांनाही प्रत्येक सामन्यात थोडा वेळ खेळवा. म्हणजे उद्या एखादा लंगडत बाहेर आला, तर त्याला 'जरा सहन कर रे' असं सांगायची वेळ तुमच्यावर येणार नाही.