तरंगिका

पुस्तकाची पुस्तिका, नाटकाची नाटिका, तशी तरंगाची तरंगिका. ‘इका’ लागला की वस्तू लहान होते, थोडी लाडकीही. इंग्रजी ‘वेव्हलेट’ आणि फ्रेंच ‘ओंदलेत’ यांच्या शेपटीलाही लघुत्वाचाच प्रत्यय आहे.

एल्फ आकितेन या फ्रेंच तेलकंपनीतले भूभौतिकतज्ज्ञ झां मोर्ले भूगर्भातून परतणारे कंप तपासत. फूरिए विश्लेषणातून कोणत्या वारंवारता आहेत ते कळे. त्या कधी उमटल्या, ते उघड दिसत नसे. मोर्लेंनी एकच इवली लाट, म्हणजेच तरंगिका, त्या कंपांच्या संकेतावरून सरकवली: आखडली की ती तार स्वर पकडते, ताणली की खर्ज. मार्सेचे अ‍ॅलेक्स ग्रोसमन यांनी त्याला गणिताचा पाया दिला. दोघांचा निबंध १९८४चा.

शब्द मात्र त्याआधीचा! भूकंपशास्त्रात नॉर्मन रिकर १९४०च्या दशकातच ‘वेव्हलेट’ म्हणत होते.