भीमराव पांचाळे

भीमराव पांचाळे (जन्म : ३० मार्च १९५१, आष्टगाव, अमरावती जिल्हा) हे मराठी गझलगायक व संगीतकार आहेत. रसिकांमध्ये ते 'गझलनवाज' या उपाधीने ओळखले जातात. मराठी गझल हा भावगीताचा पोटप्रकार नसून तिला स्वतःची गायकी हवी, ही धारणा त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीच्या मुळाशी आहे.

पार्श्वभूमी

आष्टगाव हे मोर्शी तालुक्यातील खेडे. गझल ही मूळची फार्सी-उर्दू परंपरेची रचना. ती वऱ्हाडच्या शेतकरी मुलखात रुजली कशी, हे समजण्यासाठी या प्रांताचा इतिहास पाहावा लागतो. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी होती. पुढे वऱ्हाड मोगलांकडे, नंतर निजामाकडे गेले आणि १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आले. परिणामी अमरावती, अकोला, अचलपूर, बाळापूर या गावांत वऱ्हाडी बोलीच्या शेजारी उर्दूही नांदत आली.

मराठीत गझलेची वृत्ते व आकृतिबंध प्रथम नेटाने आणले ते माधव जूलियन यांनी. त्यांचा 'गज्जलांजलि' हा संग्रह १९३३चा. परंतु प्रत्येक शेर स्वतंत्र, स्वयंपूर्ण कविता असावा हा गझलेचा प्राण मराठीत खऱ्या अर्थाने आला तो सुरेश भट (१९३२–२००३) यांच्यामुळे. भटही अमरावतीचेच. नवोदितांसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' ही पुस्तिका लिहिली. मराठी गझलेचा प्रमुख कवी आणि प्रमुख गायक एकाच जिल्ह्यातून यावेत, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

गायकी

पांचाळे यांच्या आधी मराठी गझल गायिली जात नव्हती असे नाही. हृदयनाथ मंगेशकर यांनी भटांच्या रचनांना दिलेल्या चाली आशा भोसले व लता मंगेशकर यांच्या स्वरांत घरोघरी पोहोचल्या आणि त्यांचे मोल आजही कमी झालेले नाही. मात्र ती प्रामुख्याने ध्वनिमुद्रित गीते होती. ठरलेल्या वेळेत निवडक शेर बसवायचे, चाल पक्की ठेवायची, अशी त्या माध्यमाची गरज होती. ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा चाल आधी राहते, शेर नंतर.

मैफलीतील गझलेचा क्रम उलटा असतो. शेराची पहिली ओळ निरनिराळ्या स्वराकृतींतून पुन्हा पुन्हा मांडली जाते. श्रोत्याची उत्सुकता ताणली गेल्यावर दुसरी ओळ येते, आणि काफियाचा शब्द उमटताच दाद मिळते. उर्दूत बेगम अख्तर, मेहदी हसन, गुलाम अली यांनी ही रीत सिद्ध केली होती. पांचाळे यांनी ती मराठी मैफलीत आणली. संथ लय, स्पष्ट शब्दोच्चार आणि अर्थाला झाकोळणार नाही इतकीच आलापी ही त्यांच्या गायनाची लक्षणे होत. शास्त्रीय संगीताची बैठक असूनही ते तानबाजीच्या मोहात पडत नाहीत.

ही रीत मराठीत उतरवणे केवळ अनुकरणाने साधणारे नव्हते. उर्दूत शब्दाच्या अखेरचा दीर्घ स्वर वृत्ताच्या सोयीने लघू करण्याची मुभा असते. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ पक्के असून वृत्तशुद्धीबाबत भटांचा आग्रह कडक होता. त्यामुळे गायकाला स्वर कोठे लांबवावा आणि कोठे आवरावा याची मोकळीक कमी. जोडाक्षरे ओळीच्या प्रवाहात आघात निर्माण करतात, ती अडचण वेगळीच. शब्द न मोडता सूर वाहता ठेवणे ही पांचाळे यांची खरी कमाई मानावी लागेल.

गायिलेले कवी

भटांच्या गझलांबरोबरच त्यांनी इलाही जमादार (१९४६–२०२१) यांच्या गझला मोठ्या प्रमाणावर पोहोचवल्या. जमादार यांची 'अंदाज आरशाचा' ही गझल अनेक श्रोत्यांना प्रथम भेटली ती पांचाळे यांच्या आवाजात. नामवंतांपुरते न थांबता त्यांनी फारशा परिचित नसलेल्या आणि नव्या कवींच्याही गझला मैफलीत गायिल्या. छापील संग्रह मोजक्याच हातांत पडतो. गायिलेला शेर मात्र तोंडोतोंडी फिरतो, हे लक्षात घेता या निवडीचे महत्त्व कळते.

संस्थात्मक कार्य

पांचाळे यांनी स्थापन केलेल्या गझल सागर प्रतिष्ठानतर्फे अखिल भारतीय मराठी गझल संमेलने आणि नवोदित गझलकारांसाठी कार्यशाळा भरवल्या जातात. वृत्त, काफिया, रदीफ यांचे शिक्षण देण्याचे भटांनी सुरू केलेले काम या कार्यशाळांतून पुढे चालू राहिले. गायकाने कवी घडवण्याची जबाबदारी पत्करावी, असे मराठीत क्वचितच घडले आहे.

पुरस्कार

महाराष्ट्र शासनाच्या सांस्कृतिक कार्य विभागाने २०२४ या वर्षाचा गानसम्राज्ञी लता मंगेशकर पुरस्कार पांचाळे यांना एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला.