बेल्लारीच्या तेवीस मराठी शाळा

१७ ऑगस्ट १८२३ रोजी बेल्लारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने मद्रासच्या रेव्हेन्यू बोर्डास एक लांबलचक पत्र लिहिले. जिल्ह्याची वस्ती ९,२७,८५७, शाळा ५३३, त्यांत शिकणारी मुले ६,६४१, म्हणजे हजार माणसांमागे सातही नव्हेत. मुली अवघ्या साठ. पुढे शाळांची भाषावार वाटणी आहे : कानडी २३५, तेलुगू २२६, मराठी २३, फारसी २१, तामिळ ४, इंग्रजी १ आणि संस्कृत शास्त्रे शिकविणाऱ्या ब्राह्मणांच्या पाठशाळा २३. बेरीज करून पाहावी. बरोबर ५३३ भरते.

त्या तेवीस मराठी शाळांपाशी आपल्यासारख्यांची नजर थबकल्यावाचून राहत नाही. संडूरचे घोरपडे संस्थान याच मुलखात होते आणि मद्रास इलाख्याच्या महसुली कचेऱ्यांतून मराठी हिशेब बराच काळ चालत असे. तेव्हा कानडी-तेलुगू प्रदेशात मराठी शाळा असाव्यात यात नवल नाही. नवल आहे ते त्यांची नोंद राहिली याचे. कारण कलेक्टरांनी भरून पाठवावयाच्या तक्त्यात रकाने होते ते जातवार : ब्राह्मण, वैश्य, शूद्र, इतर जाती, मुसलमान. भाषांची ही वाटणी कॅम्पबेलने आपल्या पत्राच्या मजकुरात घातली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

या शिरगणतीचा जनक मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो. हिंदुस्थानातील लोकांच्या अज्ञानाविषयी पुष्कळ लिहिले जाते, परंतु त्याला कागदोपत्री आधार कोणाकडेच नाही, असे त्याने २५ जून १८२२ च्या आपल्या टिपणात स्पष्ट म्हटले. प्रत्येक जिल्ह्यात लिहिणे-वाचणे शिकविणाऱ्या शाळा किती, मुले किती व कोणत्या जातींची, कोणती पुस्तके वाचतात, किती काळ शिकतात, फी काय पडते, हे सारे त्याने मागविले. शाळांच्या कारभारात ढवळाढवळ मात्र करू नये, अशी ताकीदही दिली. आजच्या शिक्षणखात्यांनी हे वाक्य चौकटीत घालून भिंतीवर लावण्यास हरकत नाही.

उत्तरे यावयास काही वर्षे लागली. कॅनराच्या कलेक्टराने तर तक्ता भरलाच नाही. तेथील शिक्षण इतके खाजगी रीतीने चालते की असा तक्ता भरण्यात अर्थ नाही, असा त्याचा अभिप्राय होता. अखेर १८२६ साली मन्रोपुढे एकूण आकडे आले : १ कोटी २८ लाख ५० हजार ९४१ लोकवस्तीत १२,४९८ शाळा व १,८८,६५० विद्यार्थी, सुमारे दर अडुसष्ट माणसांमागे एक.

मन्रो तेथे थांबला नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातील खरी मोलाची गोष्ट हीच. शाळेच्या वयाच्या मुलग्यांपैकी चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक शाळेत दिसतात, हे त्याने हिशेबाने काढले; मग घरी शिकणाऱ्यांचे काय, असे स्वतःलाच विचारले. मद्रास शहराच्या अहवालात शाळेतील मुले साडेपाच हजारांच्या आसपास, तर घरी शिकणारी सुमारे सत्तावीस हजार दाखविली होती. हा आकडा त्याला चुकीचा वाटला. तरीही घरचे शिक्षण जमेस धरता प्रमाण एकतृतीयांशाच्या जवळ जाईल, असा अंदाज त्याने नोंदविला. पुढे गांधीजींनी १९३१ साली लंडनमध्ये या देशी शाळांचा विषय काढला, फिलिप हार्टॉग यांनी त्यांना आव्हान दिले, आणि १९८३ साली धरमपाल यांनी हे मूळ कागद ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. वाद अजून मिटलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर पहिली अखिल भारतीय शैक्षणिक पाहणी झाली ती ३१ मार्च १९५७ या दिवसाची स्थिती धरून; आठवी ३० सप्टेंबर २००९ ची. मधल्या काळात, १९९० नंतरच्या दशकात, जिल्हावार शालेय माहिती दरवर्षी संगणकावर भरण्याची पद्धत सुरू झाली. तिचेच आजचे रूप ‘यूडायस प्लस’. प्रत्येक शाळेला अकरा आकडी क्रमांक असतो. राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि शाळा अशी त्याची उतरंड. २०२२-२३ पासून मुलांची नुसती संख्या न देता नाववार नोंद सुरू झाली. त्यापूर्वी २६ कोटींवर असलेली देशाची पटसंख्या २०२३-२४ मध्ये २४ कोटी ८० लाखांवर आली. नव्या आकड्यांची जुन्यांशी सरळ तुलना करू नये, असे मंत्रालयानेच बजावले आहे. मोजण्याची रीत बदलली की मुलांची संख्याही बदलते, हे मन्रोला सांगावे लागले नसते.

या नाववार नोंदीत मातृभाषेचाही रकाना आहे. आमच्या घरातील नातीच्या पत्रकात तेथे प्रांताची भाषा लिहिलेली आढळली. ज्या घरात मोडीतील कागद आजही पेटीत जपले आहेत, त्या घरची ही मुलगी! शाळेत जाऊन विचारले. बाई म्हणाल्या, ‘‘आजोबा, शाळेच्या माध्यमाचीच भाषा सगळ्यांपुढे भरली हो. तुमची वेगळी आहे, हे कोणी सांगितलेच नाही.’’ नोंद त्यांनी माझ्यासमोर दुरुस्त केली. मग मी विचारले, या वर्गात आणखी कोणाच्या घरी मराठी बोलतात? बाईंनी हजेरीपट माझ्याकडे सरकविला, आणि आडनावांवरून आम्ही दोघे अंदाज बांधीत बसलो.