पी.पी. नंबर आणि घरातला पहिला मोबाइल

नव्वदीच्या दशकातली अकोल्याकडची एखादी लग्नपत्रिका कुणाच्या ट्रंकेत जपलेली असेल, तर ती काढून तिचा तळ पाहावा. यजमानांच्या नावाखाली दूरध्वनी क्रमांक असतो आणि पुष्कळदा त्यापुढे कंसात दोन अक्षरे असतात : पी.पी. ट्रंक कॉलच्या जमान्यात विशिष्ट व्यक्तीलाच बोलावून द्यावे अशी मागणी नोंदवता येई. तिचे हे लघुरूप. पुढे त्याचा अर्थ एवढाच उरला की क्रमांक शेजाऱ्यांचा आहे, निरोप मात्र आम्हांला मिळेल. मोबाइलचा कौटुंबिक इतिहास लिहायचा, तर तो या दोन अक्षरांपासून सुरू करावा लागतो. मोबाइलने पी.पी. संपवले असे आपण धरून चालतो. ते अर्धेच खरे आहे.

शेजारचा फोन हे एक नातेच होते. हाक मारायला येणारे पोर, पदराला ओले हात पुसत धावणारी बाई, परक्या बैठकीत सर्वांदेखत घेतलेली माहेरची खबर, आणि उपकाराची फेड म्हणून हिवाळ्यात पोचवलेल्या ओल्या तुरीच्या शेंगा. फोनच्या मालकाने डायलला बारीकसे कुलूप लावलेले असे. त्यामुळे बाहेर जाणारे बोलणे अडे, येणारे अडत नसे. स्वतः बोलायचे असेल, तर एस.टी.डी.-पी.सी.ओ.च्या काचेच्या खोक्यात, रात्री दर उतरल्यावर, लाल आकड्यांवर नजर ठेवून बोलावे. ०७२४ हा संकेतांक पुण्या-मुंबईला शिकायला गेलेल्या अकोल्याच्या मुलांना पाठ असे.

भारतातला पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून ज्योती बसू दिल्लीत सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. परवान्यांच्या नकाशात मुंबई हे एक मंडळ, तर उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. म्हणजे अकोल्याच्या मोबाइलला पणजी घरची आणि मुंबई परमुलुख! संयुक्त महाराष्ट्राचा लढा शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी या विनोदाची नोंद घ्यायला हरकत नाही.

वऱ्हाडातल्या मध्यमवर्गीय घरांना मोबाइल आवाक्यात येण्याची खरी वेळ सात-आठ वर्षांनी आली. ऑक्टोबर २००२ मध्ये बी.एस.एन.एल.ची मोबाइल सेवा सुरू झाली. १ मे २००३ पासून येणारे फोन निःशुल्क झाले. त्याच जुलैत रिलायन्सने सुरुवातीला ५०१ रुपये भरून, बाकीची रक्कम हप्त्यांनी फेडून फोन देण्याची योजना आणली. वर्ष संपता संपता नोकिया ११०० आला : धूळ न शिरणारी कळपाटी, घामट हातातून न निसटणारी पाठ आणि माथ्यावर विजेरी. जगभर पंचवीस कोटींहून अधिक खपलेला हा फोन. भारनियमनाच्या त्या वर्षांत, रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला त्याची विजेरी बोलण्याइतकीच मोलाची होती. २००४ मध्ये देशातल्या मोबाइलधारकांनी तारेच्या फोनधारकांना मागे टाकले.

या सगळ्यात १ मे २००३ हा दिवस मला सर्वांत मोठा वाटतो. येणारा फोन फुकट झाल्यामुळेच एका घराला एक मोबाइल परवडू लागला, आणि ‘मिस्ड कॉल’ ही बिनखर्चाची चिन्हव्यवस्था फोफावली. एक घंटा म्हणजे पोचलो, दोन म्हणजे घ्यायला या, वाजतच राहिली तर उचला. आशय फोनमध्ये नव्हता, आधी ठरलेल्या घरगुती करारात होता. चिन्हमीमांसा शिकवताना वाहतुकीच्या दिव्यांचे उदाहरण घेण्यापेक्षा हे घ्यावे. संभाषणाची पहिली ओळही बदलली. ‘कोन बोलून राह्यलं?’ मागे पडले, ‘कोठी हायेस?’ आले.

हा प्रश्न विचारायचा कुणाला? बाहेर असणाऱ्याला. म्हणजेच ‘घरासाठी’ घेतलेला मोबाइल घरात नव्हता. क्रोशाच्या रुमालाखाली बसलेला तारेचा फोन निदान दिवसभर बाईच्या हाताशी असे. नवा फोन वडिलांच्या खिशातून बाजार समितीत, कचेरीत, अकोट-मुर्तिजापूरच्या एस.टी.त हिंडे आणि संध्याकाळी घरी येऊन खुंटीवरच्या सदऱ्यात झोपे. खर्च वाचावा म्हणून बऱ्याच घरांनी तारेची जोडणी काढून टाकली. मग माहेरचा फोन आधी नवऱ्याच्या खिशात वाजू लागला आणि ‘ती घरी आहे, संध्याकाळी करा’ असे उत्तर जाऊ लागले. शेजाऱ्यांच्या बैठकीतून सुटलेली बाई स्वतःच्याच घरात पी.पी. झाली. शेजारीण निदान हाक मारायला पोर तरी पाठवीत असे.

लिपीनेही यात हातभार लावला. एका लघुसंदेशात रोमन अक्षरे १६० मावत, देवनागरी ७०. शिवाय साध्या फोनवर देवनागरी टंकणे जिकिरीचे. म्हणून मराठी घरातले निरोप रोमनमध्ये धावू लागले. पोथी, पंचांग, वर्तमानपत्र सहज वाचणाऱ्या आईला मुलीचा चार शब्दांचा निरोप धाकट्या मुलाकडून वाचून घ्यावा लागे, आणि तो तिच्याआधी त्याच्या डोळ्यांखालून जाई. अशा निरोपांत काय लिहिले जात नसेल, याचा विचार आपल्या पत्रवाङ्मयाच्या अभ्यासकांनी अद्याप फारसा केलेला नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला यासंबंधीचा प्रश्न मोठा नेमका आहे. घरात मोबाइल आहे का, एवढ्यावर ते थांबत नाही. तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का, असे स्त्रियांना विचारते. २०१९ ते २०२१ या फेरीत देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांनी ‘हो’ म्हटले. बाकीच्यांच्या घरीही फोन बहुधा वाजतच होता.