जैतुनाविना जैतून

जैतून हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. कुरआन शरीफच्या सूरह तीनमध्ये अंजीर आणि जैतुनाची शपथ आहे. परंतु मध्ययुगात जैतून नावाचे एक शहर चीनमध्ये होते, हे फारसे सांगितले जात नाही. फूज्यान प्रांतातील च्वानचौ बंदराला अरब व इराणी व्यापारी याच नावाने ओळखत.

इब्ने बतूता १३४५ च्या सुमारास तिथे पोहोचला. मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून तो दिल्लीहून निघाला होता. वाटेत आपले दौलताबादही त्याने पाहिले होते. या शहरात जैतुनाचे एकही झाड नाही, नाव मात्र तेच, अशी नोंद त्याने केली आहे.

मग हे नाव आले कुठून? दहाव्या शतकात ल्यू त्सुंगश्याओ या शासकाने शहराभोवती त्सथुंग नावाची काटेरी झाडे लावली. त्यावरून शहरालाच त्सथुंग म्हणू लागले. हे लाल फुलांचे झाड म्हणजे आपला पांगारा. अरबांनी त्सथुंग ऐकले आणि आपल्या ओळखीचे जैतून उच्चारले. तेच खलाशांच्या, सौदागरांच्या तोंडी बसले. मार्को पोलोनेही तेच लिहिले. तिथल्या रेशमी कापडाला जैतूनी म्हणत. साटीन हा शब्द त्यावरूनच आला, असे अनेक अभ्यासक मानतात.

हे लोक केवळ व्यापारापुरते आले नव्हते. तिथल्या मशिदीच्या शिलालेखात तिची स्थापना हिजरी ४०० (इ.स. १००९-१०) मध्ये झाल्याचे नमूद आहे. परक्या मुलखात मरणाऱ्याला शहिदाचा दर्जा मिळतो, अशा आशयाचा मजकूर अनेक कबरींवर कोरलेला आहे. जगले तिथे, दफनही तिथेच झाले. तरी दगडावर ‘परका’ हाच शब्द राहिला.

१३५७ ते १३६६ या काळात तिथे इराणी फौजेचे बंड झाले. ते मोडताना बंडाशी संबंध नसलेले मुसलमानही मारले गेले. व्यापार ओसरला आणि जैतून हे नावही बोलण्यातून गेले. कबरींचे दगड पुढे तटाच्या बांधकामात गेले. विसाव्या शतकात तट पाडला तेव्हा ते बाहेर आले. वू वेनल्यांग या शाळामास्तरांनी ते जमवले आणि १९५७ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. २०२१ मध्ये युनेस्कोने च्वानचौला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

जैतून हे नाव कानाला अरबी वाटते. त्याचे मूळ मात्र चिनी मातीतल्या झाडात आहे. नावाच्या उच्चारावरून कोण आपला, कोण परका हे ठरवणाऱ्यांनी तो पांगारा जरूर ध्यानात ठेवावा.