अल्प उत्पन्न गटासाठी मोफत आर्थिक समुपदेशन : अमेरिकी शहरांचा उपक्रम

कर्जाचे हप्ते थकलेले, बँकेत खाते नाही आणि महिनाअखेर हाती काहीच उरत नाही, अशा स्थितीतील नागरिकांना प्रशिक्षित समुपदेशकाचा सल्ला विनामूल्य मिळावा, ही जबाबदारी अमेरिकेतील अनेक शहरांच्या प्रशासनांनी स्वीकारली आहे. ‘फायनान्शियल एम्पॉवरमेंट सेंटर’ या नावाने ही केंद्रे ओळखली जातात.

या उपक्रमाची सुरुवात न्यूयॉर्क शहरात झाली. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या कार्यकाळात २००६ मध्ये शहराच्या ग्राहक व्यवहार विभागांतर्गत आर्थिक सक्षमीकरण कार्यालय स्थापन झाले. त्यानंतर २००८ मध्ये ब्राँक्स भागात पहिले केंद्र सुरू करण्यात आले. ब्लूमबर्ग यांच्या परोपकारी संस्थेच्या १ कोटी ६२ लाख डॉलरच्या अर्थसाहाय्यातून २०१३ मध्ये डेन्व्हर, लान्सिंग, नॅशव्हिल, फिलाडेल्फिया आणि सॅन अँटोनिओ या पाच शहरांत हे प्रारूप राबवण्यात आले.

गरज कशामुळे?

उत्पन्न कमी असलेल्या कुटुंबाला साध्या आर्थिक व्यवहारासाठीही अधिक किंमत मोजावी लागते. खाते नसलेल्याला पगाराचा धनादेश वटवण्यासाठी शुल्क द्यावे लागते. अनेक राज्यांत पुढील पगाराच्या भरवशावर दिल्या जाणाऱ्या ‘पे-डे’ कर्जावर दोन आठवड्यांसाठी दर शंभर डॉलरमागे साधारण १५ डॉलर आकारले जातात. वार्षिक हिशेबाने हा दर सुमारे ४०० टक्के होतो. क्रेडिट स्कोअर खालावल्यास स्वस्त कर्ज दुरापास्त होते आणि भाड्याचे घर मिळण्यातही अडथळे येतात.

कामकाजाचे स्वरूप

समुपदेशन एकास एक पद्धतीने होते आणि माहिती गोपनीय ठेवली जाते. बँक खाते, पत, कर्ज आणि बचत हे त्याचे चार विषय आहेत. केंद्र स्वतः कर्ज किंवा रोख मदत देत नाही. समुपदेशक खर्चाचा आराखडा आखून देतात, पत अहवालातील चुका दुरुस्त करण्यास मदत करतात आणि धनकोंशी बोलणी कशी करावी, हे सांगतात. बेघरांसाठीचे निवारे, रोजगार साहाय्य आणि गृहनिर्माण योजना यांच्याशी ही सेवा जोडण्यावर भर असतो. कारण थकबाकीचा प्रश्न सुटला नाही, तर मिळालेले घर वा नोकरी टिकवणे कठीण जाते.

उपक्रमाचे यश केवळ उपस्थितीवर मोजले जात नाही. क्रेडिट स्कोअरमध्ये किमान ३५ गुणांची वाढ, गृहकर्ज वगळता अन्य कर्जात किमान १० टक्के घट, असे निकष त्यासाठी ठरवलेले आहेत. पाच शहरांतील कामाचे मूल्यमापन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे २२ हजार नागरिकांनी सेवेचा लाभ घेतला. त्यांच्या कर्जात एकूण २ कोटी २५ लाख डॉलरची घट झाली, तर बचत २७ लाख डॉलरने वाढली.

मर्यादा

समुपदेशनाने वेतन वाढत नाही वा घरभाडे कमी होत नाही. उत्पन्नच मूलभूत गरजांना अपुरे असेल, तर उत्तम नियोजनही फार काळ पुरत नाही. त्यामुळे ही सेवा अन्य साहाय्य योजनांना पर्याय नसून पूरक आहे. मात्र, पैसे देणाऱ्यांनाच मिळणारा आर्थिक सल्ला गरजूंपर्यंत सार्वजनिक सेवा म्हणून पोहोचवता येतो, हे या शहरांनी दाखवून दिले आहे.