मोआसिर बार्बोसा : माराकानाचा गोलरक्षक

पाच वेळा विश्वचषक जिंकणाऱ्या ब्राझीलमध्ये फुटबॉलपटूंची नावे स्टेडियमना दिली जातात, त्यांचे पुतळे उभारले जातात. मोआसिर बार्बोसा या गोलरक्षकाचे नाव मात्र तेथे जवळपास अर्धशतक अपशकुनासारखे घेतले गेले. १६ जुलै १९५० रोजी रिओ द जानेरोच्या माराकाना स्टेडियमवर उरुग्वेच्या आल्सिदेस गिज्जाने मारलेला एक चेंडू बार्बोसा आणि डावीकडचा खांब यांच्यामधून जाळ्यात गेला, आणि त्या क्षणाने त्याची आधीची दहा वर्षांची आणि नंतरची बारा वर्षांची कारकीर्द झाकून टाकली. ती कारकीर्द सामान्य नव्हती, हे आधी सांगायला हवे.

बार्बोसाचा जन्म २७ मार्च १९२१ रोजी साव पावलो राज्यातील कांपिनास येथे झाला. सुरुवातीला तो आघाडीच्या फळीत, कडेने खेळत असे. गोलरक्षक तो नंतर झाला. साव पावलोतील इपिरांगा या छोट्या क्लबने त्याला मोठ्या स्पर्धांमध्ये उतरवले आणि १९४५ मध्ये रिओच्या वास्को द गामा क्लबने त्याला आपल्याकडे घेतले. तो हातमोजे न घालता खेळे. त्या काळात ते नवलाचे नव्हते, पण भिजलेला कातडी चेंडू किती जड होत असे हे लक्षात घेतले, तर म्हातारपणी त्याची बोटे वेडीवाकडी का दिसत, याचा उलगडा होतो.

वास्को द गामा हे नाव गोव्याच्या वाचकाला घरचेच वाटेल. रिओतील पोर्तुगीज स्थलांतरितांनी १८९८ मध्ये, म्हणजे वास्को द गामा भारताच्या किनाऱ्याला लागला त्या घटनेला चारशे वर्षे झाली तेव्हा, हा क्लब स्थापन केला. पण बार्बोसाच्या संदर्भात क्लबची दुसरी ओळख अधिक महत्त्वाची आहे. १९२३ मध्ये कृष्णवर्णीय आणि कामगार वर्गातील खेळाडू घेऊन वास्कोने रिओचे विजेतेपद पटकावले. पुढच्याच वर्षी शहरातील प्रतिष्ठित क्लबांनी वेगळी लीग काढली आणि वास्कोला तिच्यात यायचे असेल तर बारा खेळाडू वगळावेत, अशी अट घातली. वास्कोने पत्र लिहून ही अट नाकारली. अशा क्लबमध्ये एक कृष्णवर्णीय गोलरक्षक मानाने खेळू शकला, हे त्याच्या पहिल्या यशाचे एक कारण आहे.

चाळीसच्या दशकातील वास्कोच्या संघाला रिओतले लोक ‘विजयाची एक्स्प्रेस’ म्हणत. १९४५, १९४७, १९४९, १९५०, १९५२ आणि १९५८ अशी सहा वर्षे रिओ राज्याचे विजेतेपद वास्कोकडे आले आणि या सहाही वेळा बार्बोसा संघात होता. त्याच्या क्लब कारकिर्दीचा कळस १९४८ मध्ये चिलीची राजधानी सांतियागो येथे झाला. दक्षिण अमेरिकेतील विजेत्या क्लबांची ही स्पर्धा पुढच्या काळातील कोपा लिबेर्तादोरेसची पूर्वज मानली जाते. वास्कोसमोर आर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट होता. आंखेल लाब्रुना आणि तरुण आल्फ्रेदो दि स्तेफानो त्याच संघातले. विजेतेपद ठरवणारा तो सामना ०-० असा सुटला. त्यात लाब्रुनाची पेनल्टी बार्बोसाने अडवली आणि वास्को अपराजित राहून विजेता ठरला. ब्राझीलच्या एखाद्या संघाने परदेशात मिळवलेले तोवरचे ते सर्वांत मोठे यश होते.

पुढच्या वर्षी ब्राझीलने दक्षिण अमेरिकन अजिंक्यपद मिळवले. निर्णायक सामन्यात पॅराग्वेचा ७-० असा फडशा पडला. तेव्हाही गोलजाळ्यासमोर बार्बोसाच होता. फ्लाविओ कोस्ता हे त्या सुमारास वास्कोचे आणि राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक होते. विश्वचषकासाठी पहिल्या पसंतीचा गोलरक्षक कोण, असा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धामुळे बारा वर्षे खंडित झालेला विश्वचषक १९५० मध्ये ब्राझीलमध्ये भरला. (भारतालाही या स्पर्धेत स्थान मिळाले होते आणि इटली, स्वीडन व पॅराग्वेच्या गटात त्याचे नाव घातले गेले होते. पण आपला संघ गेलाच नाही. अनवाणी खेळू दिले नाही म्हणून तो गेला नाही, ही लोकप्रिय कथा आता जाणकार मानत नाहीत. विश्वचषकापेक्षा ऑलिम्पिकला दिलेले महत्त्व, हे त्याचे अधिक पटणारे कारण आहे.) स्पर्धेत तेरा संघ उरले. विशेष म्हणजे त्या वर्षी रूढ अर्थाने अंतिम सामना ठरलेलाच नव्हता. चार गटविजेत्यांनी आपसांत साखळी सामने खेळायचे आणि सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याने चषक न्यायचा, अशी पद्धत होती.

ब्राझीलने मेक्सिकोला ४-० असे हरवले, स्वित्झर्लंडशी २-२ अशी बरोबरी केली आणि युगोस्लाव्हियाला २-० असे नमवले. मग अंतिम साखळीत स्वीडनचा ७-१ आणि स्पेनचा ६-१ असा धुव्वा उडवला. अदेमिर, झिझिन्यो आणि जाईर या त्रिकुटाला थोपवणे कोणाला जमत नव्हते. शेवटचा सामना उरुग्वेशी होता. ब्राझीलचे चार गुण, उरुग्वेचे तीन; यजमानांना बरोबरीसुद्धा पुरेशी होती. अशा वेळी हरण्याचा विचार कोण करणार? सामन्याच्या सकाळी रिओच्या एका दैनिकाने ब्राझील संघाचे छायाचित्र ‘हेच ते विश्वविजेते’ अशा आशयाच्या मथळ्यासह छापले. सामन्यापूर्वी शहराच्या महापौरांनी ध्वनिक्षेपकावरून खेळाडूंना विजेते म्हणून गौरवले. पुढारी आणि हितचिंतक यांची तर आदल्या दिवसापासून संघाच्या मुक्कामी रीघ लागली होती.

या उन्मादात एक गोष्ट विसरली गेली. अवघ्या दोन महिन्यांपूर्वी, मे १९५० मध्ये, हेच दोन संघ तीनदा भिडले होते. उरुग्वेने एक सामना ४-३ असा जिंकला होता आणि उरलेले दोन ब्राझीलने केवळ एकेका गोलच्या फरकाने जिंकले होते. म्हणजे उरुग्वेचा विजय ही आकाशातून पडलेली आपत्ती नव्हती. तिकिटांच्या हिशेबाने त्या दिवशी माराकानात १ लाख ७३ हजार ८५० प्रेक्षक होते. प्रत्यक्षात दोन लाखांच्या आसपास असावेत, असा अंदाज आहे.

पूर्वार्ध गोलशून्य गेला. उत्तरार्ध सुरू होताच ४७व्या मिनिटाला फ्रियासाने ब्राझीलला आघाडी मिळवून दिली. उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला चेंडू काखेत घेऊन शांतपणे पंचांकडे वाद घालायला गेला. ऑफसाइडची दाद लागणार नाही हे त्यालाही ठाऊक असावे. गर्दीचा आवेश ओसरेपर्यंत वेळ काढणे हा त्याचा हेतू होता. ६६व्या मिनिटाला उजव्या कडेने गिज्जा ब्राझीलच्या बिगोदेला चकवून पुढे सरकला आणि त्याने चेंडू आत, हुआन स्कियाफिनोकडे दिला. स्कियाफिनोने बरोबरी साधली.

तेरा मिनिटांनंतर तेच चित्र पुन्हा उभे राहिले. तीच कड, तोच गिज्जा, मागे पडलेला तोच बिगोदे. मधला बचावपटू जुव्हेनाल मदतीला वेळेत पोहोचला नाही. गिज्जा अरुंद कोनातून आत येत होता आणि मध्यभागी त्याचे सहकारी पासची वाट पाहत होते. बार्बोसापुढे दोन पर्याय होते. जवळचा खांब धरून उभे राहायचे, की पहिल्या गोलच्या वेळी झाले तसे चेंडू मध्ये येणार असे धरून एक पाऊल आधीच सरकायचे? तो सरकला. गिज्जाने ती फट पाहिली आणि चेंडू थेट खांबालगत मारला. बार्बोसा डावीकडे झेपावला. आपल्या बोटांचा स्पर्श होऊन चेंडू बाहेर गेला असे आपल्याला वाटले, आणि स्टेडियममधल्या शांततेने खरे काय ते सांगितले, असे तो पुढे सांगत असे.

जवळचा खांब सोडू नये, हा गोलरक्षणाचा पहिला धडा आहे आणि त्या हिशेबाने बार्बोसा चुकला, हे नाकारता येत नाही. पण ही चूक आळसाची नव्हती, अंदाजाची होती. शंभरातल्या बहुतेक वेळा त्या जागेवरून चेंडू आतच दिला जातो आणि जागेवर खिळून राहिलेला गोलरक्षक मग मूर्ख ठरतो. ज्या कडेतून पहिला गोल झाला ती कड तेरा मिनिटांत बुजवता न आलेल्या संघाने आणि प्रशिक्षकाने दुसऱ्या गोलचा बोजा एका माणसावर टाकावा, यात न्याय नाही. आकडेही बोलके आहेत. सहा सामन्यांत ब्राझीलने २२ गोल केले आणि बार्बोसाने सहाच स्वीकारले. पण निर्णायक सामन्यात त्या आघाडीला एकच गोल करता आला, याची आठवण पुढे कोणाला राहिली नाही.

सामना १-२ असा संपला. ब्राझीलच्या विजयासाठी पोर्तुगीज भाषेतले भाषण तयार ठेवलेले ज्यूल रिमे गोंधळलेल्या गर्दीतून वाट काढत वारेलापर्यंत पोहोचले आणि त्यांनी कोणताही समारंभ न करता चषक त्याच्या हाती दिला. त्या दिवशी स्टेडियममध्ये बंदोबस्ताला असलेल्या तरुण सैनिकांत मारिओ झगालो होता. बाउरू गावात रेडिओजवळ रडणाऱ्या वडिलांना नऊ वर्षांच्या पेलेने आपण विश्वचषक आणून देऊ, असे सांगितले. आठ वर्षांनी, १९५८ मध्ये, या दोघांनी एकाच संघातून तो आणला. राष्ट्रीय संघाचा पांढरा गणवेशही अपयशी ठरवला गेला. आज जगप्रसिद्ध असलेला पिवळा गणवेश हा १९५३ मध्ये एका वृत्तपत्राने घेतलेल्या स्पर्धेतून आला आणि तो काढणारा तरुण, आल्दिर गार्सिया श्ली, उरुग्वेच्या सीमेवरील गावचा होता!

गणवेश बदलता आला. बार्बोसाला तशी सोय नव्हती. पराभवाचे खापर फुटले ते बार्बोसा, बिगोदे आणि जुव्हेनाल या तिघांवर. तिघेही कृष्णवर्णीय. पत्रकार मारिओ फिल्हो यांनी ब्राझीलच्या फुटबॉलमधील कृष्णवर्णीयांवरील आपल्या ग्रंथाच्या १९६४ च्या आवृत्तीत याकडे स्पष्टपणे बोट दाखवले. कृष्णवर्णीय माणूस दडपणाखाली कच खातो, म्हणून त्याला गोलरक्षक करू नये, ही समजूत दीर्घकाळ टिकली. १९६६ मध्ये मांगा एक सामना खेळला, पण पहिल्या पसंतीचा कृष्णवर्णीय गोलरक्षक म्हणून विश्वचषकात उभे राहण्याची संधी दिदाला मिळाली ती २००६ मध्ये. मध्ये ५६ वर्षे गेली.

बार्बोसा मात्र खेळत राहिला, हे अनेकांना ठाऊक नसते. त्या दुपारनंतर काही महिन्यांतच, त्याच माराकानावर, वास्कोने १९५०चे रिओ विजेतेपद मिळवले. गोलमध्ये तोच होता. राष्ट्रीय संघाची दारे मात्र त्याच्यासाठी जवळपास बंदच झाली. १९५३ मध्ये पाय मोडला आणि पुढच्या विश्वचषकाची उरलीसुरली आशाही संपली. वास्को सोडून तो इतर क्लबांकडे गेला, पुन्हा वास्कोत परतला, १९५८चे विजेतेपद अनुभवले आणि १९६२ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, रिओच्या काम्पो ग्रांदे या लहान क्लबकडून खेळून निवृत्त झाला.

निवृत्तीनंतर पोटासाठी त्याने नोकरी धरली ती माराकानाच्याच क्रीडासंकुलात. जिथे त्याचे नाव बुडाले त्या स्टेडियमच्या सावलीत तो वर्षानुवर्षे कामाला येत राहिला. माराकानाचे जुने चौकोनी लाकडी खांब काढले तेव्हा ते त्याला देण्यात आले आणि त्याने घरी मित्रांना बोलावून त्यांच्या जाळावर मांस भाजले, अशी कथा सांगितली जाते. ती खरी की रचलेली, यावर एकमत नाही. ज्याच्या त्याच्या तोंडी ती आहे, कारण ती खरी असावी असे ऐकणाऱ्याला वाटते.

दुसरा प्रसंग त्याने स्वतःच सांगितलेला आहे. सामन्याला वीसेक वर्षे झाल्यावर एका दुकानात एका बाईने त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या लहान मुलाला सांगितले, की अख्ख्या ब्राझीलला रडवणारा माणूस तो हाच. मुलाचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. १९९३ मध्ये एका चित्रीकरण पथकाबरोबर तो राष्ट्रीय संघाच्या सरावशिबिरात गेला, तेव्हा त्याला खेळाडूंना भेटू दिले गेले नाही. त्याच्या सावलीने संघाचे नशीब फिरेल, ही भीती होती. ब्राझीलमध्ये त्या वेळच्या कायद्याने सर्वाधिक शिक्षा तीस वर्षांची होती. आपण त्याहून कितीतरी अधिक भोगली, असे तो अखेरच्या वर्षांत म्हणत असे.

पत्नी क्लोतिल्दे हिच्या निधनानंतर तो साव पावलोच्या किनाऱ्यावरील प्राया ग्रांदे येथे राहिला. हाताशी फारसे काही नव्हते. वास्को क्लबने त्याला आर्थिक मदत केली. ७ एप्रिल २००० रोजी वयाच्या ७९व्या वर्षी त्याचे निधन झाले.

८ जुलै २०१४ रोजी जर्मनीने ब्राझीलला त्यांच्याच भूमीवर, बेलो ओरिझोंतेमध्ये, ७-१ असे चिरडले, तेव्हा बार्बोसाची आठवण पुन्हा निघाली आणि या वेळी सूर क्षमायाचनेचा होता. १९५०चा संघ निदान विजेतेपदाच्या उंबरठ्यापर्यंत लढला होता, हे एकाएकी सर्वांना उमगले. माराकानावरच्या त्या बावीस खेळाडूंपैकी अखेरचा जिवंत राहिलेला गिज्जा १६ जुलै २०१५ रोजी गेला. त्या गोलला त्याच दिवशी पासष्ट वर्षे झाली होती. २०२० मध्ये वास्कोने रिओतील आपल्या सराव केंद्राला मोआसिर बार्बोसाचे नाव दिले. क्लबचे गोलरक्षक आता तेथे सराव करतात.